नऊ पन्नास ते दीड : पाऊस, काम बंद

माझा भाऊ खोटारडा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक पटकन म्हणतात, "माणूसच तसला असणार." तसला नव्हता, हेच तर माझं दुखणं आहे. तसला असता तर चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. पण ज्याने मला सायकल शिकवली, माझं लग्न जमवलं, माझ्या मुलीला गणितात पास केलं, त्याला शिव्या तरी कोणत्या तोंडाने घालायच्या? घालते मी, नाही असं नाही. पण घशात अडकतात.

बंदरात त्याला मिनिटमास्तर म्हणायचे. एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात तो कारकून होता. ऑफिस म्हणजे धक्क्यासमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. जिन्यात कायम डिझेलचा वास, आणि दादाच्या टेबलावर काचेखाली भरती-ओहोटीचं कोष्टक. जहाज बंदराबाहेर येऊन नांगर टाकी, तिथपासून ते माल उतरवून परत जाई तिथपर्यंत काय काय झालं, किती वाजता झालं, हे सगळं लिहून काढायचं हे त्याचं काम. कप्तानाने 'जहाज तयार आहे' अशी नोटीस दिली, इतके वाजून इतकी मिनिटं. धक्क्याला लागलं, इतके वाजून इतकी. जहाजाच्या पोटावरची झाकणं उघडली, पहिली खेप उतरली, क्रेन बिघडली, दुरुस्त झाली, जेवणाची सुट्टी, पाऊस, काम बंद, काम सुरू. शेवटी त्या तक्त्याखाली कप्तान सही करायचा, एजंट सही करायचा, आणि माल ज्याचा तोही. त्या तक्त्याला कायद्यात काय म्हणतात ठाऊक आहे? वस्तुस्थितीचं निवेदन. ऐकलंत ना? वस्तुस्थितीचं.

लग्नाआधी मी त्याच्या खनपटीला बसायचे, "दादा, एवढं मिनिटामिनिटाचं काय रे करतात हे लोक?"

"अगं, जहाज भाड्याने घेतलं की वेळही ठरते," तो समजावायचा. त्याला समजावायला फार आवडायचं, जेवण थंड व्हायचं पण हा थांबायचा नाही. "समज, माल उतरवायला सात दिवस दिले. त्यापेक्षा जास्त जहाज अडकवलंस तर दर दिवसाला दंड. डेमरेज. हां, पण सात दिवस कुठले, तर चांगल्या हवेचे. पाऊस आला, साखर भिजायला नको म्हणून झाकणं लावली, काम थांबलं, तर तेवढा वेळ मोजायचा नाही."

"आणि पाऊस किती पडला ते कोण ठरवणार?"

"मी," तो म्हणायचा, आणि वहिनीकडे बघायचा, की ऐकलं का म्हणून.

वहिनीने ऐकलेलं असायचंच. बिचारीचं आयुष्य त्याच्या घड्याळाने खाल्लं होतं. "आज चहा चार मिनिटं उशिरा," असं तो सहज म्हणायचा, तक्रार म्हणून नाही, नुसती नोंद म्हणून. एकदा ती कप आपटून म्हणाली, "कोणीतरी सांगा हो ह्यांना, मी जहाज नाही. मी कधीच धक्क्याला लागलेय!" आम्ही पोट धरून हसलो. दादाही हसला. तेव्हा आमच्या घरात हसायला येत होतं.

सुरुवातीची पंधरा-वीस वर्षं तो खरोखर खऱ्याला खरं लिहायचा. पावसाचे थेंब पडायला लागले की हा जाऊन डेकवर उभा. छत्री नाही, काही नाही. मनगट वर करून थेंब पडला तो क्षण बघणार, थांबला तो क्षण बघणार. एकदा एका व्यापाऱ्याचा माणूस घरी मिठाई घेऊन आला, की पाऊस जरा लांबवा. दादाने तो पुडा उघडलासुद्धा नाही, जिन्यावरून परत पाठवला. मला पेढ्यांची फार हळहळ वाटली होती, खरं सांगते.

माझं लग्न त्यानेच जमवलं. आमचे हे बंदरात कामाला होते, साखर-तांदळाची पोती जहाजाच्या पोटात उतरून क्रेनच्या दोरखंडी झोळीत, म्हणजे गोफणीत, लावून द्यायची, त्या टोळीत. दादा आईला म्हणाला, "दोन वर्षं बघतोय. ती टोळी एकदाही उशिरा उतरली नाही, आणि त्याचं कारण हा एकटा माणूस आहे." एवढ्यावर आईने होकार दिला. दुसऱ्या कोणी असं स्थळ आणलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. पण दादाने वेळेची खात्री दिली म्हणजे माणसाची दिली, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. आणि स्थळ चांगलं निघालं, हेही सांगायला हवं. हे फार बोलायचे नाहीत, पण घरात आले की घर भरल्यासारखं वाटायचं. कामावरून आले की दारातच कपडे झटकायचे, केसांतून, कानांतून, खिशाच्या शिवणीतून साखर पडायची. मुलगी लहान असताना त्या साखरेला मुंग्या लागतात म्हणून मी रोज दोनदा उंबरा पुसायचे. आणि चहाची साखर? ती मी वाण्याकडून तोलून आणायचे. हे लक्षात असू द्या.

मग म्हातारे एजंटसाहेब गेले आणि त्यांचा मुलगा खुर्चीत बसला. नव्या साहेबाचं म्हणणं, सगळेच लांबवतात. आपण नाही लांबवलं तर ज्यांनी जहाज भाड्याने घेतलंय ते व्यापारी दुसऱ्या एजंटकडे जातील. ते गेले तर ऑफिस बंद. ऑफिस बंद तर मास्तर, तुम्ही कुठे? दादा ऑफिसनेच दिलेल्या खोल्यांत राहत होता. त्याने आधी दहा मिनिटं दिली. मग वीस. पाऊस थांबला तरी डेक सुकायला वेळ लागतोच की, असं तो स्वतःला सांगायचा. आम्हालाही सांगायचा. "हे काही खोटं नाही, थोडी गोळाबेरीज आहे." मी मान हलवायचे. मला काय, कुठल्या तरी दूरच्या श्रीमंताचा दंड कुठल्या तरी दुसऱ्या श्रीमंताने भरला काय, न भरला काय. माझं त्यात काय जात होतं? माझंही चुकलंच. मी तेव्हा हसले नसते तर, असं आता म्हणण्यात अर्थ नाही, पण म्हणते.

त्या खेपेला साखरेचं जहाज आलं. धक्का रिकामा नव्हता म्हणून सहा दिवस बाहेर नांगरून उभं होतं. मग आत आलं, पोती उतरायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ पन्नासला भुरभुर सुरू झाली. झाकणं लावली. दहा वाजून दहाला पाऊस थांबला. वीस मिनिटं. झाकणं परत उघडली, टोळी खाली उतरली, काम सुरू झालं. हे मला नंतर पोती वर खेचणारं यंत्र चालवणाऱ्या विंचवाल्याने सांगितलं, टोळीतल्या चौघांनी सांगितलं, आणि शेवटी दादानेही सांगितलं. ह्यात कोणाचंही दुमत नाही.

दादा तेव्हा ऑफिसात आला होता. साहेबाने विचारलं, "पाऊस आहे ना?" दादा म्हणाला, "थांबला." साहेब म्हणाला, "आभाळ बघा. हा कसला थांबतोय? दीडपर्यंत न्या. काम मागे पडलंय, व्यापारी फोनवर ओरडतायत." दीड म्हणजे जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. दादाने पेन काढलं आणि लिहिलं : नऊ पन्नास ते दीड, पाऊस, काम बंद. घड्याळात साडेदहा वाजले होते. जो माणूस थेंब पडलेला स्वतः बघितल्याशिवाय लिहायचा नाही, त्याने पुढच्या तीन तासांचं लिहून ठेवलं. साहेबाने प्रत काढून व्यापाऱ्याला धाडून दिली. आणि त्या वेळी माझा नवरा जिवंत होता. चांगला धडधाकट, खाली पोती रचत होता.

अकरा पस्तीसला हे पाणी प्यायला वर चढत होते. जहाजाच्या पोटातली लोखंडी शिडी. वरून चौथ्या दांड्याचा एका बाजूचा सांधा गंजून निसटलेला होता, त्यावर पाय पडला. पस्तीस फूट खाली. पोत्यांवर पडले असते तर वाचले असते असं म्हणतात, पण पोती तोवर त्या बाजूची उचललेली होती. कारण काम चालू होतं ना. काम बंद असतं तर तिथे पोती असती.

दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मला सांगायला फाटकावरचा पहारेकरी आला. नंतर दादा आला. तो दारात बसकण मारून हंबरडा फोडून रडला, एवढा मोठा माणूस. मी त्याला सावरलं. मी, त्याला! त्याच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते मला काय माहीत? मला वाटलं, भाऊ माझ्यासाठी रडतोय.

तिसऱ्या दिवशी ते जहाज जायचं होतं. कप्तानापुढे तक्ता आला. एरवी जहाजमालकाचा कप्तान पावसाच्या अशा ओळीवर आकाशपाताळ एक करतो, एकेक मिनिटासाठी भांडतो, सहीखाली 'मान्य नाही' असं ठळक लिहितो. कारण पाऊस लांबला की त्याच्या मालकाचा दंड बुडतो. ह्या कप्तानाने ती ओळ वाचली, मान डोलावली आणि मुकाट सही ठोकली. का? तर काम बंद होतं असं कागदावर राहिलं की शिडी गंजलेली होती की नव्हती हे विचारायला कोणी येत नाही. कामच बंद, तर माणूस शिडीवर गेला कशाला? आपल्या मर्जीने गेला. जहाजाच्या वहीतही मग तेच उतरलं, त्या सकाळी उतरलेली पोती दुपारच्या खात्यात गेली. व्यापाऱ्याला पाऊस हवा होता, कप्तानाला पाऊस हवा होता, साहेबाला दोघेही खूश हवे होते. सगळ्यांचं भागलं.

आणि माणूस कामाशिवाय साखरेच्या जहाजात उतरला कशाला? ह्याचं उत्तर तर शेंबडं पोरही देईल. त्यांच्या खिशात साखर सापडली. अहो, केसांतही सापडली, कानांतही सापडली! पण लिहिलं फक्त खिशाचं. पंधरा दिवसांनी फाटकावरच्या फलकावर नाव लागलं. चोरीच्या कारणावरून बंदरात कायमची प्रवेशबंदी. मेलेल्या माणसाला प्रवेशबंदी. वर त्याचा फोटो, पासवरचा, ज्यात ते नेहमीसारखे ओठ मिटून बसले होते.

मी तेव्हा फाटकाबाहेरच्या गोदामात फाटकी पोती शिवायला जायला लागले होते. जाताना तो फलक, येताना तो फलक. मुलगी अकरा वर्षांची. एक दिवस शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि विचारलं, "आई, बाबा साखर चोरायला उतरले होते का गं?" मी तिच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा. मग तिला कुशीत घेतलं आणि ठरवलं, हे नाव मी त्या फलकावरून खाली उतरवणार. बाकी मला काही नको. पैसा नको, नोकरी नको. नाव उतरवा.

बंदराकडून अपघाताची चौकशी लागली. आदल्या संध्याकाळी दादा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. वहिनीही बरोबर होती. त्याने सगळं सांगितलं, दहा दहा, साडेदहा, साहेब, पेन. मी ऐकत होते आणि माझ्या हातातलं लाटणं नुसतं फिरत होतं.

"मग उद्या जा आणि सांग," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"काय म्हणजे? पाऊस दहा दहाला थांबला, काम सुरू झालं. एवढंच."

"छोटे, त्यावर तीन सह्या आहेत. कागद गेलाय पुढे. तो आता बदलत नाही गं."

"कागद बदलू नकोस. तू तोंड उघड."

वहिनी मध्ये पडली. "ह्यांची नोकरी जाईल. खोल्या जातील. आम्ही पोरं घेऊन कुठे जायचं?"

"माझ्याकडे या," मी म्हटलं. "दोन खोल्या आहेत, आणि एक माणूस कमी झालंय."

वहिनी रडायला लागली. दादा चपला घालायला उठला. जाताना दारात म्हणाला, "बघतो." मला त्या 'बघतो'वर विश्वास बसला. मूर्ख मी. जन्मभर ज्याच्या बघण्यावर घर चाललं, त्याच्या बघण्यावर विश्वास ठेवणार नाही तर कोणाच्या?

चौकशी अधिकाऱ्याची खोली लहान होती. एक टेबल, चार बाकं, पंख्याचा खडखडाट. आधी टोळीचा मुकादम उभा राहिला. "आठवत नाही साहेब, पाऊस होता बहुतेक." त्याला पुढच्या जहाजावर टोळी हवी होती. मग विंचवाला. तो मात्र छातीठोकपणे म्हणाला, "काम चालू होतं. मी स्वतः पोती उचलत होतो." अधिकाऱ्याने विचारलं, "किती वाजता?" तो म्हणाला, "अकरा-साडेअकरा." "घड्याळ आहे?" "नाही." "मग कशावरून?" विंचवाला म्हणाला, "उन्हावरून." अधिकारी हसला. "ऊन? पण पाऊस होता ना?" बाकावर बसलेले सगळे हसले. तो माणूस लालबुंद होऊन खाली बसला.

मग दादा. मी तिसऱ्या बाकावर होते, त्याची पाठ मला दिसत होती. कोट घालून आला होता.

"हा तक्ता तुमच्या हातचा?"

"हो."

"किती वर्षं हे काम करताय?"

"चोवीस."

"यातल्या वेळा बरोबर आहेत?"

त्याने तक्ता जवळ ओढला, त्या ओळीवर बोट ठेवलं. वाटलं, आता बोलेल. बोल रे दादा, बोल. एकदा बोल, मग मी आयुष्यभर तुझे पाय धुऊन पाणी पिईन.

"बरोबर आहेत," तो म्हणाला.

मी उठून बाहेर आले. जिन्यात कठड्याला धरून उभी राहिले.

त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पण तो यायचा बंद झाला नाही. दर रविवारी चारला यायचा, मुलीला गणित शिकवायचा, सहाला जायचा. मी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. चहा मुलीच्या हाती पाठवायची. तो कप संपवायचा, बशीत उपडा घालायचा. मुलीला मामा आवडायचा, तिला काही सांगितलेलं नव्हतं. तिचं आयुष्य मी कडू कशाला करू? माझं झालं तेवढं पुरे.

दोन वर्षांनी एका रविवारी तो मुलगी घरात नसताना आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. सरळ स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "छोटे, निकाल लागला."

"कशाचा?" दोन वर्षांत मी उच्चारलेला पहिला शब्द.

जहाजमालक आणि व्यापारी डेमरेजसाठी कुठल्या तरी परदेशातल्या लवादापुढे भांडत होते. भांडण असं, की ते सात दिवस मोजायचे कुठून? व्यापारी म्हणे, जहाज धक्क्याला लागलं तिथून. मालक म्हणे, बाहेर नांगर टाकून कप्तानाने तयारीची नोटीस दिली तिथून. लवादाचा निकाल मालकाच्या बाजूने लागला, करारातच लिहिलं होतं म्हणे, धक्का मिळो न मिळो, नोटीस दिली की वेळ चालू. म्हणजे सहा दिवस तर बाहेरच गेले होते.

"मग?" मी विचारलं.

"मग सात दिवस त्या पावसाआधीच संपले होते. आणि एकदा दिवस संपून डेमरेज सुरू झालं ना, की पाऊस धरत नाहीत. पडो न पडो, दंड चालूच राहतो." त्याने कागद उलगडला आणि बोट ठेवून वाचलं, इंग्रजीतून मराठी करत, सावकाश. "सबब, त्या दिवशी सकाळी किती वेळ पाऊस पडला, हा प्रश्न आमच्यापुढे उरत नाही. तो ठरवण्याची गरज आम्हाला वाटत नाही."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"म्हणजे तू लिहिलेला पाऊस कोणाच्या कामी आला?"

"कोणाच्याच नाही."

"आणि तुला हे माहीत नव्हतं? तू? नोटीस आणायला लाँचमधून तूच गेला होतास ना? वेळ तूच लिहिलीस ना?"

"मीच लिहिली," तो म्हणाला. "साहेबाने पाऊस मागितला तेव्हा मी दिवस मोजून बघितलेच नाहीत. एकदाही नाही. मोजले असते तर सांगितलं असतं त्याला, की आता पाऊस लिहून काही फरक पडत नाही."

त्याचं तोंड असं झालं होतं की दुसरा कोणी असता तर मला दया आली असती. मला चीड आली. अशी चीड, की समोरचं पातेलं उचलून फेकावंसं वाटलं. नवरा गेला तो शिडीने गेला, ते नशीब म्हणा. पण त्याचं नाव गेलं ते कशापायी? कोणाच्या तरी फायद्यापायी गेलं, असं मी दोन वर्षं समजत होते. फायदासुद्धा झाला नाही कोणाला!

"ठीक आहे," मी म्हटलं. "आता तर तो पाऊस कोणालाच नको आहे ना? ना व्यापाऱ्याला, ना साहेबाला. जहाज कुठे समुद्रात. आता जा आणि सांग. नाव उतरव."

तो बराच वेळ कागदाच्या घड्या घालत बसला. एक, दोन, तीन. परत उलगडल्या.

"एक तक्ता खोटा निघाला तर बाकीचे सगळे उघडतील," तो म्हणाला. "सव्वीस वर्षांचे. ज्यांनी ज्यांनी दंड भरलाय ते सगळे म्हणतील, आमचाही खोटा असेल. बंदरात उद्या माझ्या शब्दाला कोणी विचारणार नाही. माझ्याकडे दुसरं काही नाही, छोटे. मिनिटमास्तर, एवढंच आहे."

"आणि माझ्याकडे काय आहे?"

तो उठला. त्या दिवशी चहा न घेता गेला.

पुढे तो निवृत्त झाला. ऑफिसने त्याला खोल्या राहू दिल्या, उपकार म्हणून. मग छातीचं दुखणं निघालं. दवाखान्यात मी रात्रंदिवस नाही, पण दुपारी बसायची. भाऊ आहे शेवटी, तोडून टाकता येत नाही. एका दुपारी त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "मी गेल्यावर तू सांगितलंस तरी माझी हरकत नाही."

घ्या! जिवंतपणी जे ओझं स्वतः उचललं नाही, ते मेल्यावर मी उचलावं, आणि वर त्याची परवानगी! "बरं," म्हटलं, आणि त्याचं पांघरूण नीट केलं. आठ दिवसांनी तो गेला.

ऑफिसने शोकसभा ठेवली. तीन खोल्यांमधल्या मधल्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. फोटोला हार. साहेब आता स्वतः पिकलेला, चष्मा पुसत म्हणाला, "चोवीस तासांत एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही अशी माणसं आता होणे नाही." मुकादम बोलला. इतर एजंट बोलले. सगळे मिनिटांबद्दलच बोलले. मग साहेब म्हणाला, "त्यांच्या भगिनींनी दोन शब्द सांगावेत."

मी उभी राहिले. वहिनीने माझा पदर धरला, मी सोडवून घेतला. मुलगी शेजारी बसली होती, आता एकवीस वर्षांची. तिला आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. ती उठून माझ्याजवळ येऊन बसली होती. मग एवढंच म्हणाली, "सांग तू."

मी म्हटलं, "त्या दिवशी पाऊस दहा वाजून दहा मिनिटांनी थांबला. काम चालू होतं. अकरा पस्तीसला माझा नवरा कामावर होता. तो चोर नव्हता. माझ्या भावाने न पडलेला पाऊस लिहिला, साहेबांच्या सांगण्यावरून लिहिला, आणि चौकशीत तोच खरा म्हणून सांगितला. हे मला त्याने स्वतः सांगितलंय. फाटकावरून नाव उतरवा."

कोणी खोकलं. कोणीतरी खुर्ची सरकवली. साहेब उठला, माझ्या खांद्याला हात न लावता नुसता हात पुढे करून म्हणाला, "ताई फार दुःखात आहेत. पाणी आणा कोणीतरी." पाणी आलं. मी ग्लास हातात घेतला, कारण कोणीतरी तो हातात कोंबला. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, मग चहा झाला. विंचवाला मागच्या रांगेत होता. जाताना त्याने मला हात जोडले.

चार दिवसांनी ऑफिसातला शिपाई सभेचं इतिवृत्त घेऊन घरी आला. दोन पानं, टाइप केलेली. ज्यांनी ज्यांनी भाषण केलं त्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. मी चष्मा लावून वाचलं. साहेबाचं बोलणं जसंच्या तसं होतं. मुकादमाचंही. खाली माझं होतं : "मास्तरांच्या भगिनींनी भावाच्या आठवणी सांगून भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. दुःखावेग अनावर झाल्याने त्या अधिक बोलू शकल्या नाहीत."

मी कागद परत केला. म्हटलं, "ह्याच्यावर मी सही करणार नाही."

शिपाई बिचारा साधा माणूस. त्याने कागद पिशवीत घातला आणि म्हणाला, "चालेल ताई. तुमची सही नसली तरी अडत नाही."